बहिणीला म्हटलं होतं

ती पोहण्याची प्रशिक्षक होती. बेचाळिसाव्या वर्षीही विशीतल्या पोरींना पाण्यात मागे टाकायची. पाळी वेळच्या वेळी यायची, त्यामुळे दिवस राहायला जरा उशीर होतोय, एवढंच तिला वाटत होतं. शेवटी काहीतरी गोळ्या मिळतील या हिशेबाने ती नवऱ्याला घेऊन वंध्यत्वाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाई सावकाश बोलणाऱ्या होत्या. त्यांनी समजावलं, की मुलगी जन्मतानाच सगळी स्त्रीबीजं घेऊन येते. पुढे ती घटतच जातात, पस्तिशीनंतर झपाट्याने, आणि उरलेल्यांचा कसही उतरतो. पाळी नियमित असली, शरीर कितीही कमावलेलं असलं, तरी ते थांबत नाही. स्वतःच्या बीजातून मूल होण्याची आशा आता फार थोडी होती. दुसऱ्या बाईचं बीज घेता येईल, पण घाईने ठरवू नका, असंही त्या म्हणाल्या. मग त्यांनी सहज विचारलं, की याबद्दल आधी कुणी बोललं नव्हतं का.

नवऱ्याने मान खाली घातली. तिची सख्खी मोठी बहीण स्त्रीरोगतज्ज्ञ होती.

ती तडक ताईच्या दवाखान्यात गेली. तिचा चेहरा पाहून ताईने समोरच्या पेशंटला बाहेर बसवलं.

"रोज परक्या बायकांना हे समजावतेस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला का नाही सांगितलंस?"

हे आईने सांगायला हवं होतं, असं म्हणत ताईने आधी आईवर ढकलून पाहिलं. मग म्हणाली, मूल कधी म्हणून सगळेच तुझ्या मागे लागले होते, त्यात माझी भर कशाला. शेवटी तीही चिडली.

"तूच म्हणाली होतीस ना, 'ताई, तू तरी सुरू करू नकोस'?"

"मी बहिणीला म्हटलं होतं. डॉक्टरला नाही."

ताईने टेबलावरचं पेन उचलून पुन्हा खाली ठेवलं.

"बाकीचे टोमणे मारत होते. तुला खरं काय ते माहीत होतं. कदाचित मी तरीही थांबले असते, ताई. पण ते माझं मी ठरवलं असतं."

घरी नवऱ्याचीही सुटका झाली नाही. 'पुढच्या वर्षी बघू' हे पालुपद त्याचंच होतं. तो चूपचाप ऐकून घेत राहिला, त्याचाही तिला संताप आला.

दुसऱ्या बाईच्या बीजाचं दोघांनी अजून ठरवलेलं नाही. ताईचे फोन ती उचलत नाही.

मध्यंतरी ताईची मुलगी तलावावर आली. तिशीला टेकलेली, तावातावाने बोलत होती. आईने म्हणे जेवणाच्या टेबलावरच बसवून वय, बीजं, सगळं चित्रं काढून सांगितलं. हिला काय करायचंय माझ्या पोटाशी?

"राग येऊ दे," मावशी म्हणाली. "नीट ऐकलंस ना पण?"

"ऐकलं."

"मग झालं. आता तुला काय करायचं ते तू कर."

आणि शिट्टी तोंडात धरून ती पोरींकडे वळली.