धाब्यावरचं वावर

हिलाल पाटलाने शेजारचं जुनं घर विकत घेतलं तेव्हा इद्रिस मिस्तरीला आनंद झाला होता. ही गोष्ट त्याने पुढे कधीच कोणाला सांगितली नाही.

आनंदाचं कारण साधं होतं. ते घर तीन वर्षं बंद पडलेलं, त्याचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, मधोमध खचलेलं, आणि त्या घराची नि इद्रिसच्या घराची मधली भिंत एकच. दोन्ही घरांच्या तुळया दोन बाजूंनी त्याच भिंतीवर टेकलेल्या. अबोला धरलेल्या दोन भावांनी एकाच लोडाला पाठ लावून बसावं तशा. पलीकडचं छप्पर नीट झालं की अलीकडच्या भिंतीचा घोर मिटणार होता. आणि नीट करणार कोण, तर भिंतीला भिंत लावून राहणारा मिस्तरी. धाबं घालण्यात सबंध नंदुरबारात इद्रिससारखा हात नाही, असं इद्रिसचं मत होतं. त्याच्याशी वाद घालायला सहसा कोणी येत नसे.

हिलाल पाटील मूळचा कोरीटचा. तिथे त्याची काळी कसदार जमीन, चार बैल आणि भिला नावाचा सालदार. चौतीस साली त्याला नंदुरबारच्या एका जिनात काट्यावर कारकुनी लागली. बाप-आज्यांनी कापूस पिकवला, आपण तो तोलतो म्हणजे आपण दोन पायऱ्या वर चढलो, असं त्याने ओळखीच्या सगळ्यांना आणि अनोळखी बऱ्याच जणांना सांगितलं होतं. बायको मंगलाबाई कोरीटलाच होती. घर झालं की येईन, म्हणाली होती. बाई शहाणी असावी.

दिवाळी झाल्यावर इद्रिस स्वतः होऊन पाटलाकडे गेला. उद्यापासून हात घालू का, असं विचारायला. पाटलाने त्याला चहा पाजला आणि मातीविषयी चार गोष्टी सांगितल्या.

“मिस्तरी, घर म्हंजे काय? लाकूड नि माती. लाकूडनं काम सुतारनी करी टाकं. ऱ्हायनी माती. मातीमा तं मन्हा जलम गया.”

इद्रिसने चहा खाली ठेवला. धाब्यावर खारी माती लागते, हे त्याने ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात लोक लहान मुलाला विस्तव दाखवतात. गावाबाहेरच्या जुन्या पांढरीच्या टेकाडातली ती फिकट, खारट माती. तिच्यात गवत उगत नाही, पाणी मुरत नाही. ती चोपून, पन्हाळीकडे उतार देऊन बसवली की वरून नदी गेली तरी खाली थेंब नाही.

पाटील दयेने हसला.

“जी मातीमा कुसळ उगत नही, ती मी डोकावर लिसू? मिस्तरी, ती माती नही. ते मातीनं मढं शे.”

इद्रिस घरी आला आणि बायकोसमोर, सकीनासमोर, त्याने कसम खाल्ली. तो माणूस दारात येऊन ‘मिस्तरी, वर चला’ म्हणत नाही तोवर त्या धाब्यावर पाय ठेवणार नाही. सकीना तांदूळ निवडत होती. तिने मान हलवली, पण ती तांदळाला होती.

पुढच्या आठवड्यात कोरीटहून काळ्या मातीच्या नऊ गाड्या आल्या. इद्रिस आपल्या धाब्यावर मिरच्या वाळत घालायला चढला. घरात मिरच्या नव्हत्या. तो तसाच उभा राहून बघत राहिला.

त्याने जे पाहिलं ते चाळीस वर्षांच्या धंद्यात पाहिलं नव्हतं. पाटलाने माती ठोकून बसवायचं चोपणं आणलं नव्हतं. त्याने वावरात ढेकळं फोडायची फळी आणली होती. बैल जिन्याने वर येईनात. एकाचा प्रयत्न करून झाला होता, आणि बैलाने तिसऱ्या पायरीवर थांबून जो चेहरा केला तो इद्रिसला फार समंजस वाटला. मग फळीवर वजन म्हणून भिला उभा राहिला आणि दोरी खांद्याला लावून पाटील स्वतः ओढू लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. वळताना तो सवयीने बैलाला हाक मारी आणि स्वतःच वळे. भिला सालदार होता. मालकाला जुंपायची संधी त्याला पुन्हा मिळणार नव्हती. तो फळीवर अगदी ताठ उभा होता.

माती पाटलाने सपाट केली. अशी सपाट, की कुठून गोटी सोडली तरी ती विचारात पडावी. मग चारी बाजूंनी वीतभर उंचीचा बांध घातला. आणि शेवटी पन्हाळीच्या तोंडात चिंध्या कोंबून वर चिखल थापला. पाणी वाया घालवणारा शेतकरी पाटलाला माहीत नव्हता.

इद्रिसने आकाशाकडे पाहिलं. तिथून काही मदत येण्यासारखी दिसत नव्हती.

मंगळवारी पाटलाने परीक्षा ठेवली. भिलाने कावडीने तीस घागरी पाणी वर नेऊन ओतलं. पाटील घरात जाऊन आढ्याकडे तोंड करून बसला. तासभर बसला. एक थेंब पडला नाही. काळ्या मातीने पाणी असं पिऊन टाकलं जसं आठ दिवसांच्या उपाशी पाहुण्याने ताक. पाटील ओट्यावर आला आणि रस्त्याने जाणाऱ्यांना ते कोरडं घर दाखवू लागला. इद्रिसलाही त्याने आत बोलावलं, पण ते घरात. वर चला म्हणाला नाही. इद्रिसने तुळयांकडे पाहिलं. तुळया मधून किंचित वाकल्या होत्या, जोहार करत असल्यासारख्या.

आता काळी माती वाळली की फाटते, हे पाटलाला मिस्तरीने सांगायची गरज नव्हती. फाटू नये म्हणून तो तिला पाणी देऊ लागला. रोज सकाळी काट्यावर जायच्या आधी दहा घागरी. भारतखंडात छपराला पाणी पाजणारा हा एकच मनुष्य असावा. पंधराव्या दिवशी छपराला कोंब फुटले.

मातीत कोरीटची सरकी होती. कापूस उगवला होता.

इद्रिसला वाटलं, आता तरी. आता हा उपटेल, लाजेल, आणि दारात येईल. त्याने नवा सदरा घालून दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी मिरच्यांच्या निमित्ताने वर जाऊन पाहिलं, तर पाटील उकिडवा बसून विळ्याने निंदणी करत होता. इतकं जोमदार पीक त्याच्याने उपटवेना. त्याने फक्त विरळणी केली, दोन ओळींत हातभर अंतर ठेवलं, आणि इद्रिसकडे बघून अशी मान डोलावली की जणू मिस्तरीच्या धाब्यावर काही उगत नाही हे बघून त्याला वाईट वाटतं.

पौष गेला, माघ गेला. धाब्यावर कापूस कमरेएवढा झाला. मंगलाबाई एकदा कोरीटहून येऊन खालून बघून गेली. मग आणखी तीन महिन्यांनी येईन म्हणाली.

आणि इद्रिसच्या भिंतीला तडा गेला. कोनाड्यापासून निघून खाली चुलीच्या दिशेने. इद्रिसने तो पाहिला तेव्हा सुईएवढा होता. त्याने वरून चुना फिरवला आणि दुसरीकडे बघितलं. फाल्गुनात त्यात चमच्याचा दांडा जाई. चैत्रात सकीनाचं बोट जाऊ लागलं, आणि ती रोज सकाळी ते घालून दाखवू लागली. बोट घाले, नवऱ्याकडे बघे, बोट काढे. इद्रिसला त्याचा अर्थ कळत होता. ओल्या मातीच्या नऊ गाड्या पलीकडून त्याच्या भिंतीला ढकलत होत्या. मृगाला दीड महिना होता. बांध घातलेल्या त्या वावरात एकदा पावसाचं पाणी साचलं, की त्याचं धाबं, याची भिंत आणि दोघांच्या तुळया एकाच चुलीवर येऊन पडणार होत्या. मिस्तरीच्या घरावर. मग नंदुरबारात त्याला कोणी कोंबडीचं खुराडं बांधायला बोलावलं नसतं.

त्याने आपली कसम सकीनाला पुन्हा समजावून सांगितली.

“कसम तुमने खाई,” ती म्हणाली, “दीवार ने नहीं खाई.”

वैशाखात पाटलाने वेचणी केली. दीड शेर कापूस निघाला. तो त्याने जिनात नेऊन स्वतःच तोलला आणि स्वतःच काट्यावर उभ्या राहिलेल्या स्वतःला शाबासकी दिली. त्याच दिवशी सकीनाच्या कोंबडीचं एक पिल्लू भिंतीच्या तड्यात शिरलं. कोंबडी बाहेर उभी राहून ओरडत होती, सकीना कोंबडीला ओरडत होती, इद्रिस कोणालाच ओरडत नव्हता. थोड्या वेळाने दारात पाटील उभा राहिला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. त्याच्या ओंजळीत पिल्लू होतं. ते त्याच्या स्वयंपाकघरात निघालं होतं.

इद्रिस उठून उभा राहिला. शब्द पाटलाच्या ओठांवर आलेले त्याला दिसत होते.

पाटील आत आला. तडा पाहिला. त्यात बोट घातलं, मग दोन बोटं घातली. फार हळवेपणाने तो म्हणाला,

“मिस्तरी, मिस्तरीना घरनी भित अशी? तुम्ही बठ्ठा गावनं काम करतस, सोताकडे ध्यान नही. काही चिंता नका करू. उद्या कोरीटथीन शेणखतन्या दोन गाड्या येतीस धाबावर टाकाले. तूर लावनी शे. त्यामाइन थोडी माती वाचाडसू नि तुम्हनी भित मी सोता बुजी दिसू.”

सकीनाने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की नव्हती, हे इद्रिसने विचारलं नाही. तो मनातल्या मनात दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघत होता. एकीकडे शेणखताच्या दोन गाड्या धाब्यावर. दुसरीकडे हिलाल पाटील त्याच्या भिंतीत चिखल भरतोय. कोणती जास्त वाईट, हे ठरत नव्हतं. पण कसम त्या दोन्हींच्या खाली सापडून मेली होती, एवढं नक्की.

तो म्हणाला, वर जाऊन पीक बघू या का?

पाटलाच्या तोंडावर आनंद पसरला आणि तो इद्रिसच्या पुढे जिना चढू लागला. वर गेल्यावर तो पऱ्हाटीच्या ओळींतून हात मागे बांधून चालला. पायाखाली तुळया कुरकुरत होत्या. उतार, चोपणं, ओळंबा हे शब्द त्याच्या जिभेवर येत होते आणि तो ते गिळत होता. या माणसाला मिस्तरीचं ऐकायचं नव्हतं. ठीक आहे. मिस्तरी इथे नव्हताच. त्याने चिमूटभर माती उचलली, हुंगली, आणि ज्या तोंडाने त्याने चाळीस वर्षं शेतकऱ्यांना नावं ठेवली होती त्याच तोंडाने म्हणाला,

“पाटील, पीक झकास उनं. पन जमीन थकी गई.”

पाटील थांबला. त्यानेही माती उचलली, हुंगली.

“माले बी तसंच वाटे,” तो म्हणाला.

मग इद्रिसने जे सांगितलं ते त्याने आधी कधी ऐकलं नव्हतं, कारण ते तो तिथल्या तिथे बनवत होता. जमिनीला एक साल पडीक ठेवावं लागतं. ही माती परगावची, इथे तिला तिचं शिवार दिसत नाही, ती मनातून खंगली आहे. तिला कोरीटला परत नेऊन सोडावी, बाकीच्या मातीत मिसळली की पुन्हा हुशारेल. आणि इथली जागा उघडी राहू नये म्हणून वर खारी माती अंथरावी. तिच्यात काही उगत नाही हाच तिचा गुण. ती पडीक जमिनीची राखण करते. पण पाणी साचू देऊ नका. पडीक रानात पाणी साचलं तर काय माजतं ते मी तुम्हाला काय सांगू?

“लव्हाळा,” पाटील म्हणाला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. सापाला न भिणारा माणूस होता, पण लव्हाळ्याचं नाव त्याने हळूच घेतलं.

म्हणून बांध फोडायचा, इद्रिस म्हणाला, म्हणून त्या कोपऱ्याकडे चार बोटं उतार ठेवायचा, आणि म्हणून पन्हाळीतल्या चिंध्या काढायच्या. आणि खालच्या भिंतीचं म्हणाल तर पडीक रानाचं काम आधी. भिंतीचं माझं मी बघतो.

पाटलाने हातातली माती जपून ओळीत परत टाकली. मग त्याने इद्रिसच्या खांद्यावर हात ठेवला. “मिस्तरी,” तो म्हणाला, “सा महिना मन्हा शेजारले ऱ्हायनात, आते तुम्हले बी मातीमातलं समजी ऱ्हायनं.”

आठ दिवसांत माती उतरली. बैलाला पुन्हा विचारलं नाही. गाड्या काळी माती भरून कोरीटला गेल्या, पांढरीतून भरून आल्या. खारी माती पाटलाने आणि भिलाने स्वतः पसरली, कारण बाहेरचा माणूस लावायचा नाही हा पाटलाचा नियम कायम होता. इद्रिस आपल्या धाब्यावर उभा राहून बांधाला तोंड कुठे द्यायचं, पाटाचं पाणी कसं वळवायचं एवढंच सांगत होता. चोपण्याला तो ‘पडीक दाबायची फळी’ म्हणाला. असं म्हणताना त्याने डोळे मिटून घेतले होते. तुळया हळूहळू सरळ झाल्या. तडा त्याने आतून विटांचे तुकडे आणि चुन्याने बुजवला, दार लावून, पाटलाला वास लागू न देता.

त्या पावसाळ्यात दोन्ही घरांत थेंब पडला नाही. भाद्रपदात मंगलाबाई राहायला आली.

आता हिलाल पाटील रोज संध्याकाळी ओट्यावर बसतो. धाबं स्वतः घालणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालं आहे. कळसाडीहूनही दोन जण विचारायला येऊन गेले. तो त्यांना पद्धत सांगतो. आधी नऊ गाड्या काळी माती टाकायची. तिच्यात एक साल कापूस घ्यायचा, म्हणजे छप्पर मूळ धरतं. मग ती काढून खाऱ्या मातीचं पडीक ठेवायचं. मधली पायरी गाळली की धाबं कच्चं राहतं, आणि गावातले मिस्तरी लोक नेमकी तीच गाळतात. कळसाडीवाले मान डोलावतात. त्यांतला एक लिहून घेतो.

दीड शेरातला मूठभर कापूस पाटलाने चांगल्या सल्ल्याबद्दल इद्रिसला दिला होता. सकीना म्हणाली, उशीत भरते. इद्रिसने दिला नाही. तो त्याने कोनाड्यात ठेवला आहे, जिथून तडा सुरू झाला होता तिथेच. संध्याकाळी शेजारच्या ओट्यावर पाटलाने घसा खाकरला की तो उठतो, दोन बोळे करतो, कानांत घालतो आणि बिडी ओढत बसतो. धाब्यावरचा कापूस, पण जात चांगली आहे. काही म्हणता काही ऐकू येत नाही.