मुराळ्याची बॅटरी

जीवरामने ट्रॅक्टरमधून काढून आणलेली बॅटरी काउंटरवर आदळली, तशी पुनमच्या बशीतला कप खणखणला.

“हिला काय झालं, आबा?”

“काय व्हईन? मेली. भर पाण्यात मेली.”

रावेरच्या स्टँडमागचं हे दुकान पुनम वडिलांच्या पश्चात सहा वर्षं एकटी चालवत होती. केळीवाल्यांचे ट्रॅक्टर, मालाचे ट्रक, घरोघरचे इन्व्हर्टर, साऱ्यांची दुखणी तिच्याच दारात यायची. पण पाण्यात मेलेली बॅटरी ती पहिल्यांदाच पाहत होती. तिने खोदून विचारलं, आणि जीवरामने आढेवेढे घेत सगळं सांगून टाकलं.

त्याचं गाव तापीच्या काठाला. धरणामुळे तिथे पाणी चांगलं पसरलेलं असतं. मासे धरणाऱ्या अभिमन भोयाकडून त्याने जुनी फायबरची नाव घेतली, मागे बॅटरीवर चालणारी छोटी मोटर टांगली, घरच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडली आणि परवा सकाळी मोठ्या ऐटीत निघाला. पाव तास नाव झकास चालली. मग मोटर कण्हायला लागली आणि बंदच पडली. वल्हं घ्यायचं राहिलं होतं. शेवटी अभिमनने दोर टाकून त्याला ओढत आणलं, आणि काठावर कपडे धुणाऱ्या बायांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो वाटभर हसत होता.

“ट्रॅक्टरच्या बॅटरीचं काम एका झटक्यात इंजिन उठवायचं,” पुनम म्हणाली. “तासभर ओझं ओढायला लावलं तर ती बसणारच. जायचंय कुठे पण?”

“पल्याड. अक्काले आणाले. आखाजी आली ना.”

“मग पुलावरून गाडी करा की. दीड तासाचा तर रस्ता.”

“तिले गाडी लागते. डिझेलचा वास आला का मळमळतं तिले. म्हनून तं नावेले इंजिन नही लावलं.”

पुनमने पेन घेतलं. नदी आडवी नाही, तिरकी कापायची होती. वर चार किलोमीटरवर अक्काचं सासर. जायला एक तास, यायला एक तास.

“जाताना तुम्ही एकटे. येताना?”

“दोन मानसं. अन् अक्काचं बोचकं.”

हे म्हणताना त्याचा चेहरा असा काही उजळला, की पुनमने बोचक्याचं वजनही कागदावर मांडलं. जीवरामने मात्र कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरच्या उंच बॅटरीकडे बोट दाखवलं. तशी त्याच्या घरी होती. चांगली मजबूत वाटायची.

“ती साठ किलोची आहे, आबा. नावेचं मागचं टोक पाण्यात जाईल. आत तेजाब, ते हिंदकळून अक्कांच्या लुगड्यावर सांडायचं. आणि ती निम्म्याखाली उतरवायची नसते, उतरवली की तिचं आयुष्य घटतं.” तिने कपाटातून एक लहान डबा काढला. “ही लिथियमची. बारा किलो. पाणी घालायचं नाही, काही सांडायचं नाही. तुमचं जाणं-येणं होऊन वर थोडी उरेल.”

“येवढीशी?” जीवरामने ती उचलून पाहिली. भरवसा बसण्यासारखं तिच्यात त्याला काही दिसेना.

“मूर्ती लहान, कीर्ती महान.”

पुनमने जाड तांब्याची वायर दिली, फ्यूज दिला आणि काय कुठे लावायचं ते दोनदा सांगितलं. तो नुसताच मान हलवतोय हे लक्षात आल्यावर रविवारी दुकान बंद ठेवून स्वतःच नदीवर आली. नावेच्या तळाशी साचणारं पाणी लागू नये म्हणून तिने आधी लाकडी पट्ट्या ठोकायला लावल्या. त्यावर डबा, डब्याला पट्टा. वायर होईल तितकी आखूड, बॅटरीला अगदी लागून फ्यूज, नट घट्ट आवळून वर व्हॅसलीनचा हात.

“आणि वल्हं घ्यायचं,” ती म्हणाली. “बॅटरी कितीही चांगली असली तरी.”

“घेतो व माय.”

“अक्का किती वर्षांत आल्या नाहीत?”

“तीन आखाज्या झाल्या.”

त्याआधी पन्नास वर्षं एकही आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चुकली नव्हती. आई गेली तेव्हा जीवराम आठ वर्षांचा होता आणि अक्का तेरा वर्षांची. तिने त्याला भाकरी थापून घातल्या, शाळेत धाडलं, खोटं बोलला की धपाटे घातले. तिचं लग्न झाल्यावर सुरुवातीला वडील आणि मग तोच दरवर्षी तिला माहेरी आणायला मुराळी होऊन जायचा, वल्ही मारत. बिनमुराळ्याची लेक माहेरी येत नाही. तीन वर्षांपूर्वी त्याचा खांदा गेला आणि वल्हं सुटलं. फोनवर अक्का म्हणायची, “कशी येऊ रे, गाडी लागते मले.” मध्ये धुरपदा, जीवरामची बायको, वारली. दहाव्याला अक्का मुलाच्या गाडीतून आली ती अर्धा रस्ता ओकत आली, आणि त्याच संध्याकाळी परतली.

आता घरात तो एकटा. मुलगा नीलेश पुण्याला. आखाजीच्या आधी गावात दारोदार लेकी उतरायच्या, लिंबाला झोके बांधले जायचे, गाणी सुरू व्हायची, आणि ती ऐकत जीवराम ओसरीवर बसून राहायचा. अक्काची त्याला फार आठवण यायची. सदुसष्ट वर्षांच्या माणसाने हे सांगायचं कुणाला?

सणाला चार दिवस उरले असताना तो उजाडताच निघाला. मोटर पाण्याखाली नुसती गुणगुणत होती. मध्यावर वारा समोरून आला, तरी नाव कुरकुरली नाही. वल्हं पायाशी पडून राहिलं. पुनमचा हिशेब चोख होता.

अक्काच्या अंगणात खाटांवर कुरडया वाळत होत्या. लिंबाला झोका होता, आणि त्यावर दोन लहान मुली एकमेकींना ढकलत होत्या. दारात भूमिका, अक्काची मोठी लेक, उभी होती.

“मामा! आई, मामा आला!”

सुनंदाबाई, त्याची अक्का, ओले हात पदराला पुसत बाहेर आली.

“जिवा? तू कसा आला रे?”

“नावेनं. मुराळी आलो, अक्का. चाल, भर बोचकं.”

भूमिका हसली, पण आईचा चेहरा बघून कुरडया परतायला वळली. सुनंदाबाई ओट्यावर बसली, त्यालाही बसवलं.

“अरे, माह्या पोरी आल्या ना आखाजीले. ही काल आली. धाकली उद्या येईन. मीच निंघून गेली तं यांचं माहेर कोन?”

जीवराम झोक्याकडे बघत राहिला. आधी घरात अक्काची मोठी जाऊ होती. पुतण्यांचं, लेकींचं ती बघायची, म्हणून अक्का सुटी होती. ती जाऊही तीन वर्षांपूर्वीच गेली. तिच्या मातीला तो स्वतः आला होता. पण ज्याच्या घरी लेक उतरत नाही, त्याला हे कुठून सुचावं? सारा चैत्र त्याने वायरी आणि नट यांत घालवला, आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही.

“फोनवर सांगायचं ना मंग.”

“‘नही येत’ असं म्हनवे ना रे मले. गाडीचं नाव सांगितलं का निभून जाये.”

जेवण झालं. पोरी झोक्यावर गात होत्या. भूमिकेने चहा केला, तोही झाला. मग बसून राहायला काही निमित्त उरलं नाही तेव्हा जीवराम उठला. अक्का त्याला पोचवायला काठापर्यंत आली. नाव तिने फिरून फिरून पाहिली, वाकून डब्यावर हात ठेवला.

“या एवढ्याशावर चालते?”

“हो.”

“अन् संपली म्हंजे?”

“घरात लाईटवर लावून भराची. चार्जर घेतला आहे संगं.”

“भराले किती वेळ लागते?”

जीवरामने डब्यावरच्या मीटरकडे पाहिलं. चार दिव्यांपैकी तीन जळत होते. आत्ता निघाला असता तर घरी पोचून वर उरली असती. पलीकडच्या काठाकडे त्याने पाहिलं नाही.

“चार दिवस,” तो म्हणाला.

सुनंदाबाईने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. पंचावन्न वर्षांपूर्वी तो शाळा बुडवून आल्यावर बघायची, तशी.

“चारात कशी व्हईन?” ती म्हणाली. “आमच्या अठी लाईट लई जाते. आठ तरी लागतीन.”

मग तिने घराकडे तोंड करून हाक दिली, “भूमिके, मामाची खाट लिंबाखाली टाक!”

जीवरामने खाली बसून नट ढिले केले, पट्टा सोडला. डबा त्याला एकट्याला सहज पेलला असता. पण अक्का दुसरी कडी धरायला वाकली, तेव्हा त्याने ती तिला धरू दिली.