काका म्हणजे कोण

अवधूतने वडिलांना जन्मात कधी बाबा म्हटलं नव्हतं. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या त्या घरात दोन भावांचे संसार एकत्र होते. थोरल्याचा केदार आधी बोलायला लागला, तो अवधूतच्या वडिलांना, दिगंबररावांना, काका म्हणायचा, आणि मागून आलेल्या अवधूतनेही तेच उचललं. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. काका म्हणवून घेणारे असे बाप आपल्याकडे चिक्कार सापडतात. अमेरिकेच्या सैन्याला मात्र हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

आता अवधूत टेक्सासमधल्या अर्विंग शहरात एका ऑफिसात लॅपटॉपसमोर बसला होता. शेजारी सलोनी, माजी सैनिकांची कामं फी न घेता करणारी वकील. पडद्यावर पाच लष्करी अधिकारी. हा खटला नव्हता. गुन्हेगार कोण हे इथे कोणी ठरवणार नव्हतं. अवधूतला सैन्यातून काढताना कागदावर जो शेरा मारला होता, तो कायद्याला धरून आणि रास्त होता का, एवढंच हे पाच जण बघणार, दार लावून मतं देणार, आणि निकाल काही आठवड्यांनी टपालाने येणार. शेरा होता, 'सन्मानाने नव्हे'. त्यापायी सरकारी खर्चाने शिकायची सोय गेली होती आणि नर्स व्हायचं ठरवलेला हा माणूस गोदामात खोकी उचलत होता. पाचातली तीन मतं मिळाली तर शेरा बदलणार होता.

त्याला ना भीती वाटत होती ना आशा. काका गेल्यापासून त्याला काही वाटेनासंच झालं होतं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं.

अध्यक्ष होत्या एक कर्नलबाई. "तुमच्या सार्जंटचा जबाब मी वाचलाय," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही सांगा, त्या दिवशी काय झालं?"

अवधूतने पाठ केल्यासारखं सांगितलं. तो टेक्सासच्या छावणीत होता. सकाळी केदारचा फोन आला, "अव्या, काकांना मॅसिव्ह अटॅक आलाय, आयसीयूत आहेत, तू लगेच निघ." हा धावत सार्जंटकडे गेला. "काका इज इन आयसीयू!" सार्जंटने विचारलं, काका म्हणजे काय? आणि या शहाण्याने शब्दाचा अर्थ सांगितला. अंकल.

अंकलसाठी तातडीची रजा नाही. अवधूतने लगेच दुरुस्ती केली, पण सार्जंट हसला. रजेसाठी एकाच पोराची आजी दोन-दोनदा मेलेली त्याने पाहिली होती. त्यातून केदारने न्यू जर्सीहून रीतसर निरोप धाडला आणि त्यातही नातं लिहिलं, अंकल. त्याचे ते अंकलच होते. झालं, अवधूत खोटारडा ठरला. तरी तो शिस्तीत परवानगीची वाट बघत राहिला, आणि तिकडे काका गेले. दहनाच्या भट्टीचं बटण केदारने दाबलं. अवधूत परवानगीशिवाय गाडी हाकत घरी पोचला, तेव्हा लोक चहा पीत होते. त्याने छावणीत परत जायला हवं होतं. तो बेसमेंटमध्ये जाऊन आडवा झाला, महिना उलटला तरी उठला नाही, आणि सैन्याच्या लेखी पळपुटा ठरला.

कर्नलबाईंनी चष्मा काढला. "तुमचा जन्मदाखला आमच्याकडे आहे. ते कोण होते याबद्दल वाद नाही. पण तुम्ही सार्जंटला खरं सांगितलंत का, हा प्रश्न आहे. आणि आजही तुम्ही काका, काका एवढंच म्हणताय. माझी अडचण तुमच्या लक्षात येतेय का?"

सलोनीने घाईघाईने माइक बंद केला. "अवधूत, प्लीज यार! किती वेळा प्रॅक्टिस केली आपण. फादर म्हण ना. अख्खी केस त्यावर आहे."

"कळतंय गं. तोंडातून येत नाही."

ते खरंच होतं. घरात सगळे म्हणाले, काका गेले. त्याची आई सुलभाताईसुद्धा मुलांमध्ये बोलताना नवऱ्याला काकाच म्हणायच्या, त्याही तेच म्हणाल्या. अवधूतनेही मित्रांना तेच कळवलं. जणू गेले ते केदारचे कोणी होते. त्याचं स्वतःचं कोणी गेलंच नव्हतं.

सलोनीने माइक पुन्हा सुरू केला.

"माय फादर डाइड," अवधूत म्हणाला.

काहीच झालं नाही. पडद्यावरचे पाचही चेहरे जिथल्या तिथे थिजले. मग चित्र हललं आणि कर्नलबाईंचा आवाज आला, "माफ करा, लाइन तुटली होती. शेवटचं वाक्य पुन्हा सांगता का? रेकॉर्डवर यायला हवं."

"मी सांगते," सलोनी पुढे झाली. अवधूतने तिला हातानेच थांबवलं.

मघाशी तो त्यांच्यासाठी बोलला होता. या वेळी त्याचं त्याला ऐकू आलं. 'माय फादर' इथपर्यंतच तो पोचला. खांदे हलायला लागले. सलोनीने माइक बंद करायला हात नेला, तशा कर्नलबाई म्हणाल्या, "राहू द्या. आम्ही थांबतो."

पाच अनोळखी माणसं खाली बघत थांबून राहिली. बाप जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि अवधूत आज त्याच्यासाठी रडत होता.