आईच्या वर्गातून काढता पाय

भिंगरीला घरीदारी सगळे भिंगरीच म्हणत, कारण एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. पण कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला संख्याशास्त्राच्या वर्गात बसणं तिला नको झालं, त्यात तिच्या स्वभावाचा काही दोष नव्हता. दोष असलाच तर पहिल्या बाकाचा. पहिल्या बाकावर तिची आई बसायची.

आई शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीनं, कापडाचे ढीग आणि दाराच्या खिळ्याला कायम कुणाचा तरी एका बाहीचा कोट टांगलेला. तिची पदवी बावीस वर्षांपूर्वी एका विषयावाचून अडली होती आणि त्याचं कारण घरात सगळ्यांना पाठ होतं. "तू पोटात होतीस ना, मग कसलं कॉलेज!" हे वाक्य ऐकून ऐकून, आपण जन्माला आलो तेच एका बाईचं शिक्षण बुडवून, अशी भिंगरीची खात्रीच पटली होती. त्यामुळे यंदा कॉलेजचं पत्र आलं, की जुन्या विद्यार्थ्यांना राहिलेला विषय पुरा करायची ही शेवटची संधी, पुढच्या वर्षीपासून सगळं पहिल्यापासून, तेव्हा "जा ना आई, मजा येईल" असं सगळ्यांत आधी तीच म्हणाली. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. आईचा राहिलेला विषय संख्याशास्त्र, भिंगरीचा यंदाचा विषय संख्याशास्त्र, आणि वर्ग एकच.

पहिल्याच दिवशी सरांनी सरासरी समजावून सांगितली, तर आईचा हात वर. "सर, पण सरासरी मापाचा शर्ट शिवला तर तो कुणालाच बसत नाही."

सर निवृत्तीला टेकलेले. तीस वर्षं जांभया देणाऱ्या चेहऱ्यांपुढे शिकवत आलेले. त्यांनी खडू खाली ठेवला. "ताई," ते म्हणाले, "हे वाक्य आता मी सगळ्या वर्गांत सांगणार!"

झालं! त्या दिवसापासून वर्ग त्या दोघांचा झाला आणि बाकीचे प्रेक्षक. आई प्रश्न विचारायची, सर खुलायचे, तास संपल्याची घंटा कुणाला ऐकूच जायची नाही. मधल्या सुट्टीत आई डबा उघडून "भिंगरे, आधी खाऊन घे, मग उंडार" असं भर वर्गात ओरडायची. मागच्या बाकावरच्या उंच मुलाचं बटण लोंबकळताना दिसलं, तर पर्समधून सुईदोरा काढून तिने ते तिथल्या तिथे शिवून टाकलं. तो मुलगा तेव्हापासून भिंगरीला "कशी आहे काकूंची तब्येत?" एवढंच विचारायचा. आणि भिंगरीला त्याच्याकडून वेगळं काही ऐकायचं होतं.

कडेलोट झाला तो पहिल्या चाचणीत. आईला पन्नासपैकी शेहेचाळीस, लेकीला एकोणीस. पेपर हातात देताना सर प्रेमाने म्हणाले, "घरात एवढा गुरू आहे, जरा विचारत जा." सगळा वर्ग हसला. आई सगळ्यांत मोठ्याने हसली.

शुक्रवार हा विषय सोडण्याच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. कुणाला पत्ता लागू न देता भिंगरी कार्यालयाच्या खिडकीशी गेली. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, 'वैयक्तिक'. आई पहिल्या बाकावर बसते हे आणखी कोणत्या शब्दांत लिहिणार?

खिडकीतल्या बाई शिक्का उचलून थांबल्या. "एकदा सोडला की या सत्रात परत मिळत नाही हं. तुझं वर्ष सहा महिने लांबणार. नीट विचार केलायस ना?"

"केलाय," भिंगरी म्हणाली. तिने तो मुळीच केला नव्हता.

शनिवार-रविवार ती पिसासारखी हलकी होऊन घरात वावरली. सोमवारी काहीतरी थाप ठोकून सांगून टाकू असं तिने ठरवलं होतं. पण सोमवारी वर्गाच्या दारावर कागद चिकटवलेला होता. विद्यार्थी नऊ. किमान दहा हवेत. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत दहावं नाव न आल्यास हा वर्ग बंद.

भिंगरीने बोटांवर हिशेब केला. सुरुवातीला बारा जण होते. पहिल्या आठवड्यात दोघे गळाले ते तिने पाहिलंच नव्हतं, कारण ती कधी मागे वळून बघायचीच नाही. तिचं सगळं लक्ष पुढच्या बाकाकडे.

त्या संध्याकाळी आईने मशीन असं चालवलं की खिडकीच्या काचा थरथरल्या. "कोण असेल तो मेला? बावीस वर्षांनी हातातोंडाशी आलेला घास! शेवटच्या दिवशी गुपचूप जाऊन नाव काढलं!"

"मेला कशावरून? मेली असेल," बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरातल्या निम्म्या इमारतींतल्या लिफ्टा त्यांना नावागावानिशी ठाऊक होत्या आणि घरात कमी बोलावं हे शहाणपण त्यांना लग्नानंतर वर्षभरातच आलं होतं.

"खिडकीतल्या बाई नाव सांगत नाहीत," आई म्हणाली. "नको सांगू दे. मी काढीन शोधून."

भिंगरीने ताटातलं सगळं मुकाट्याने संपवलं. कधी नव्हे ते स्वतःचं ताटही घासून ठेवलं. बाबांनी वर्तमानपत्र जरासं खाली करून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा वर केलं.

मंगळवारी आईने दुकान बंद ठेवलं. कॉलेजात एकेकाला गाठून तिने विचारलं, आणि नुसतं विचारलं नाही, प्रत्येकाची नावनोंदणीची पावती डोळ्यांनी पाहिली. संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलाशी बसली, मापं लिहायच्या वहीतला कागद पुढे, पेन्सिल कानावर.

"शुक्रवारपर्यंत वर्गात दहा जण," ती म्हणाली. "आठांच्या पावत्या मी बघितल्या. म्हणजे उरल्या दोघी. मी नाव काढलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे."

बाबा उठले आणि नळ गळतोय का ते बघायला गेले. नळ गळत नव्हता.

"आई," भिंगरी म्हणाली, आणि मग जे तोंडातून सुटलं ते थांबेचना. पहिला बाक, डबा, बटण, एकोणीस मार्क, सगळं. "आणि मला माहीतच नव्हतं गं की दहाच आहेत! आधी जन्माला येऊन तुझं कॉलेज बुडवलं, आता परत मीच! मी आहेच तशी अवलक्षणी!"

आई ओरडेल म्हणून तिने खांदे आक्रसून घेतले होते. पण आई कानावरची पेन्सिल काढून तिचं टोक बघत बसली.

"जन्माला येऊन काही बुडवलं नाहीस," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे?"

"मला चाचणीत शंभरापैकी नऊ पडले होते. नऊ! मी घाबरले आणि एका शुक्रवारी जाऊन विषय सोडून आले. तू पोटात आहेस हे मला त्यानंतर पंधरा दिवसांनी कळलं."

भिंगरीने आ वासला. "आणि एकवीस वर्षं मला सांगत आलीस की..."

"कारण इतकं छान मिळालं होतं, सोडवेना. लोक हळहळायचे. नऊ मार्कांना कोण हळहळतं?"

"आई!" भिंगरीला हसू आवरेना आणि रागही आवरेना. एकवीस वर्षं पाठीवर वागवलेलं ओझं दुसऱ्याचंच होतं, हे कळल्यावर माणसाला आधी हायसं वाटतं आणि मग तो ज्याचं असेल त्याला शोधायला निघतो. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"नळ ठीक आहे," बाबा आतून म्हणाले.

बुधवारी सकाळी मायलेकी जोडीने खिडकीशी उभ्या राहिल्या. बाईंनी मान हलवली. "हिचं नाव परत नाही घेता येत. नियम म्हणजे नियम. पण दुसरं कुणीही चालेल. बारावी पास हवं, एका विषयापुरतं बाहेरून नाव घालता येतं. सरांची सही हवी. उद्या पाचच्या आत."

मग सुरू झाली शोधाशोध. भिंगरीने सगळं उपाहारगृह पालथं घातलं. एकाने संख्याशास्त्र म्हटल्याबरोबर चहा अर्धा टाकून पळ काढला. शेवटी तिची एक मैत्रीण तयार झाली, कारण आईने तिला नवा फ्रॉक शिवून द्यायचं कबूल केलं. गुरुवारी दुपारी दोन वाजता मैत्रिणीने पुस्तक उघडलं, चार पानं चाळली, मिटलं आणि म्हणाली, "काकू, मला जुनेच कपडे बरे दिसतात." बाबांना तर आदल्या दिवशीच विचारून झालं होतं. "माझं आणि गणिताचं शाळेपासून बोलणं बंद आहे," एवढं सांगून ते कामावर निघून गेले होते.

गुरुवारी साडेचारला मायलेकी निदान सरांना सांगून तरी येऊ म्हणून निघाल्या, तर सर लिफ्टमध्ये. म्हणजे लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधोमध अडकलेली आणि आत सर. दुसऱ्या मजल्यावरून जाळीच्या दारातून त्यांचे फक्त बूट दिसत होते. शेजारी बाबा हत्यारांची पेटी उघडून बसले होते. कॉलेजची ती म्हातारी लिफ्ट त्यांच्याकडेच होती.

"साहेब, घाबरू नका," बाबा बुटांना सांगत होते. "अठ्ठावीस वर्षांत माझी एकही लिफ्ट पडलेली नाही."

"अठ्ठावीस वर्षं ठीक आहे," बूट म्हणाले. "पण लिफ्टा किती? आणि बिघाड किती वेळा?"

बाबांचा पाना हवेत थांबला. आजवर अडकलेली माणसं देवाचं नाव घ्यायची, नाहीतर बाबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. असं कुणी विचारलं नव्हतं. "साहेब, लिफ्टा चाळीसएक. बिघाड सगळे लिहून ठेवलेत मी. पण एक गोष्ट मला वीस वर्षं कळलेली नाही. सगळ्यांत जास्त बिघाड सोमवारी होतात. का?"

"खरंच सोमवारी होतात, की सोमवारचे तेवढे तुमच्या लक्षात राहतात?"

"लिहिलंय म्हटलं ना!"

"मग वही घेऊन या! अहो, माझ्या विषयाचा जीव तो हाच! सोमवार खरोखर वेगळा आहे की योगायोग, हे मोजून काढता येतं!" बूट चवड्यांवर उभे राहिले. "तुम्ही माझ्या वर्गात या हो!"

बाबांनी वळून बायकोकडे बघितलं. तिने पर्समधून मैत्रिणीने परत केलेला कोरा अर्ज काढून पुढे धरला, बस्स.

"आधी लिफ्ट," बाबा म्हणाले.

"अहो, आधी अर्ज," आई म्हणाली. "सर कुठे पळून जात नाहीयेत."

बाबांनी हत्यारांच्या पेटीवर अर्ज ठेवून नाव लिहिलं. भिंगरीने तो जाळीतून वर सरकवला. आतून पेनाची कुरकुर ऐकू आली आणि सही होऊन कागद खाली आला, एका कोपऱ्याला वंगणाचा डाग. मग भिंगरी धावली. जन्मभर एका जागी न बसल्याचा तिला असा फायदा कधी झाला नव्हता. पाचला बारा मिनिटं असताना खिडकीतल्या बाईंनी डागाकडे बघून नाक मुरडलं, पण शिक्का मारला. तिकडे सर पाच वाजता बाहेर आले. बाहेर आल्यावरही ते अर्धा तास सोमवारबद्दलच बोलत होते.

वर्ग चालला. बाबा शेवटच्या बाकावर, उंच मुलाच्या शेजारी बसायचे आणि आईला प्रश्न विचारायला सवड मिळू द्यायचे नाहीत. वही तपासता तपासता सोमवारचं कोडं खरंच सुटलं. ज्या इमारतींत रविवारी जिने धुतात, तिथे पाणी लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरून स्विच भिजायचा. बाबांनी धुणाऱ्यांना दिवस बदलायला सांगितला नाही. स्विचवर पत्र्याचं झाकण बसवलं. परीक्षेत ते काठावर पास झाले आणि त्यांनी ते आठवडाभर भेटेल त्याला सांगितलं.

भिंगरीचं वर्ष मात्र बाईंनी सांगितलं होतं तसं लांबलं. पुढच्या सत्रात तिला तोच विषय घ्यावा लागला, चाळीस अनोळखी चेहऱ्यांत, आणि पहिला बाक रिकामा. तो रिकामा बाक तिला अधूनमधून टोचायचा, हे तिने घरी कबूल केलं नाही. अडलं की ती मशीनशेजारी जाऊन बसायची. आई दातांत टाचण्या धरून शिकवायची, त्यामुळे निम्मे शब्द कळायचे नाहीत. पण गणित कळायचं.

पदवी मिळायच्या दिवशी आई काळा झगा घालून व्यासपीठावर गेली. भिंगरी पाहुण्यांच्या खुर्च्यांत बसली होती, मांडीवर आईची पर्स, फोटो काढायला पुढे गेलेल्या बाबांचा चष्मा आणि तिघांच्या पाण्याच्या बाटल्या. आईचं नाव पुकारलं तेव्हा तिने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की बाटल्या खाली गडगडल्या. शेजारची बाई हसून म्हणाली, "बहीण वाटतं तुमची?"

"आई आहे," भिंगरी खुर्चीखाली वाकून बाटल्या गोळा करत म्हणाली. "मला एक सत्र सीनियर."