परत द्यायचा भोपळा

मी एक भोपळा बोलतोय. हसू नका. परीक्षेत मिळतो तो मी नव्हे आणि भाजीचाही नव्हे. मी मुठीत मावेल एवढा, आतून कोरलेला, काठाला पत्र्याची कड बसवलेला उरुग्वेचा भोपळा आहे. माझ्यात माते नावाचा कडू पाला भरतात, वर गरम पाणी ओततात आणि धातूच्या नळीने ओढून पितात. आमच्याकडची माणसं एक वेळ जेवण चुकवतील, पण हे चुकवणार नाहीत.

वेलावरून उतरल्यावर मला रूबेन नावाच्या ट्रक ड्रायव्हरने घेतलं. एकवीस वर्षं मी त्याच्या ट्रकमधून हिंडलो. ज्याला त्याला तो माझ्यातून पाजायचा. कोण घाईने ओढतो, कोण नळी दाताने चावतो, यावरून मी माणूस ओळखायला शिकलो. मला नसत्या चौकशा फार, त्या तेव्हापासूनच्या.

रूबेन वारला. मग त्याची बायको निल्दा मला वापरू लागली, पण एकटीच. पाहुण्यांसाठी तिने दुसरा भोपळा आणला. मला ते मुळीच आवडलं नाही.

मागच्या मार्चमध्ये निल्दा आणि तिची धाकटी बहीण ओफेलिया कोलंबियात कार्ताहेनाला समुद्रावर सुट्टीला गेल्या. अर्थात मीही गेलो. शेवटच्या दिवशी सकाळी सामान बांधून झालं, विमानतळाची गाडी यायला तासभर होता. दोघी चौकातल्या बाकावर येऊन बसल्या. निल्दाने थर्मास काखेत धरला आणि मला भरलं.

समोरून छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा चालला होता. थर्मास पाहून तो जागीच थांबला. त्या उकाड्यात काखेत गरम पाणी घेऊन बसणारं तिथलं कोणी नसतं. तो पुढे गेला, परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. मला तर राहवेना. ह्याला हवंय तरी काय?

"चोर दिसतोय," ओफेलिया पुटपुटली. "पर्स मांडीवर घे, ताई."

"कुठल्या गावच्या तुम्ही?" म्हाताऱ्याने विचारलं. बोली थेट आमच्याकडची.

"उरुग्वेतल्या पायसांदूच्या," निल्दा म्हणाली.

तो तिथेच फरशीवर टेकला. "मी पण," म्हणाला.

निल्दाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. रूबेन गेल्यापासून दोन वर्षांत माझ्या नळीला तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाचं तोंड लागलं नव्हतं. पण आशेने बघणाऱ्याला आमच्यात नाही म्हणत नाहीत. तिने मला भरून त्याच्या हाती दिलं.

त्याचं नाव वॉशिंग्टन. आमच्याकडचे आईबाप असली नावं हौसेने ठेवतात. सैन्याचं राज्य आलं तेव्हा बाविसाव्या वर्षी तो पळाला होता. पुढे परतायची सोय झाली, तरी गेला नाही. आई गेल्याचं पत्र आलं, तरी गेला नाही. मग आता कोणत्या तोंडाने जायचं, असं म्हणता म्हणता एकोणपन्नास वर्षं झाली. हे सगळं त्याने मला हातात धरूनच सांगितलं.

"मायक्रोफोन आहे का तो?" ओफेलियाने विचारलं. भोपळा धरून गप्पा हाणणाऱ्याला आमच्याकडे हाच टोमणा मारतात. म्हातारा हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"बंदराजवळ शिवणकामाचं एक दुकान होतं," तो म्हणाला. "ब्लांकाचं. थोरली बहीण माझी."

"होतं काय, आहे," निल्दा म्हणाली. "ही या झग्याची बटणं तिच्याकडचीच. ऐंशीची झाली. एका डोळ्याने दिसत नाही, पण माझ्या सुईत दोरा तीच ओवून देते."

उरुग्वेत माणसंच इतकी कमी, की कुणीतरी ओळखीचं निघतंच. तरी मी चाट पडलो.

"माझ्यावर रागावली असेल."

"असेलच. मी असते तर तोंड पाहिलं नसतं तुमचं." निल्दाला गोड बोलून वेळ मारून नेता येत नाही. "गल्ल्यामागे एका तरण्या पोराचा फोटो आहे. हा कोण विचारलं, तर म्हणते, भाऊ आहे, बाहेरगावी गेलाय."

वॉशिंग्टनने माझ्या काठावरून अंगठा फिरवला. "बघू. पुढच्या वर्षी जमलं तर."

तेवढ्यात गाडी आली. त्याने घाईने शेवटचा घोट ओढला आणि मला पुढे केलं. पिऊन झालं की भोपळा भरून देणाऱ्याच्याच हाती परत द्यायचा, हा आमच्याकडचा रिवाज. त्यात कुचराई करणाऱ्याला पुन्हा कोणी बोलावत नाही. निल्दाने हात पुढे केलाच नाही.

"इथे नको," ती म्हणाली. "पायसांदूला आणून द्या. ब्लांकाला विचारा, माझं घर ती दाखवेल."

"ताई, वेड लागलं का? रूबेनचा आहे तो!"

"म्हणून तर." निल्दाने थर्मासचं झाकण लावलं. "दुसरा कुठला असता, तर यांनी ठेवून घेतला असता."

पाल्याची उरलेली पिशवी त्याच्या मांडीवर टाकून ती गाडीत बसली. मला अगदी पोरकं वाटलं.

याला आता सात महिने झाले. पाला तर दीड महिन्यातच संपला. वॉशिंग्टन रोज मला फळीवरून काढतो, पुसतो आणि परत ठेवतो. पासपोर्ट आलाय. त्याच्यासाठी फोटो काढायला गेला, तेव्हा स्वारी केस विंचरून गेली होती. तिकिटाचं मात्र नाव नाही.

वॉशिंग्टन, तू भित्रा आहेस हे मला पहिल्याच घोटाला कळलं होतं. पण मी कोरडा पडलोय रे, माझ्या काठाला बारीक तडा गेलाय. मला फुटायच्या आत त्या दुकानाच्या दारात घेऊन चल. तुला पाहून ब्लांका आधी कानाखाली देते की आधी माते भरते, एवढं मला बघायचंय.