तिला न सांगितलेली मी

मी एक नळी बोलतेय. पाण्याची नव्हे, एका मुलीच्या हृदयातली. करंगळीएवढी जाड, मधे तीन पाकळ्यांची झडप. हृदयातलं रक्त फुप्फुसांकडे जाऊ द्यायचं आणि मागे फिरू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

एका थंड, स्वच्छ खोलीत टोप्या घातलेल्या बायकांनी भिंगाखाली बारीक टाके घालून मला शिवलं. मग औषधी पाण्याच्या बाटलीत मी वाट बघत राहिले. बाटलीवर माझं माप लिहिलेलं होतं.

ज्या बाळाला मी बसवली गेले, ते चार महिन्यांचं होतं. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणारी वाट तिला जन्मतःच नव्हती. घरचे तिला पिटुकली म्हणत. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तिच्या आईने सर्जनना विचारलं, "डॉक्टर, वाढत्या अंगाची नव्हती का हो मिळत? फ्रॉक घेतो तशी?"

सर्जन हसले नाहीत. "मोठी बसवायला आत जागाच नाही, ताई. बाळ वाढेल, नळी वाढणार नाही. म्हणून दरवर्षी दाखवायला आणा. पुढे कधीतरी बदलावी लागेल."

तीन वर्षं त्यांनी आणलं. मग वडिलांची नोकरी बदलली, गाव बदललं. फाईल नव्या घराच्या माळ्यावर गेली. "आता काय, ठणठणीत आहे की!" वडील म्हणत, आणि ती खरंच हसायची, खेळायची.

शेजारणीने छातीवरचा व्रण पाहिला, तेव्हा आई पटकन म्हणाली, "रांगताना काचेवर पडली होती." सगळ्यांनी पोरीकडे आजारी म्हणून बघू नये, एवढाच तिचा हेतू. पण तेच सांगता सांगता तिने पिटुकलीलाही तेच सांगितलं.

म्हणजे मी ज्या घरात राहत होते, त्या घराच्या मालकिणीलाच माझा पत्ता नव्हता. ती आरशात पडलेला दात बघायची, हातावरचे तीळ मोजायची. मी दिवसातून लाखभर वेळा तिचं रक्त पुढे पाठवत होते आणि ती मला ओळखत नव्हती.

ती नऊ वर्षांची झाली, मी चार महिन्यांच्या बाळाच्याच मापाची राहिले. त्यात पाकळ्यांवर चुन्यासारखा थर बसून त्या ताठ झाल्या. हृदय बिचारं जोर लावून रक्त माझ्यातून ढकलायचं. शाळेचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर ती खाली बसायची आणि न सुटलेली बुटाची नाडी बांधायची.

"ए पेन्शनर, चल की!" मैत्रिणी वरून ओरडायच्या. "तुझी नाडी रोज इथेच कशी सुटते गं?"

खेळाच्या बाई म्हणायच्या, "नुसता आळस भरलाय अंगात." घरी आईही म्हणायची, "आळशी कुठली!" एके दिवशी पिटुकलीने वहीत लिहिलं, तेही लिहिताना पुटपुटत: "उद्यापासून आळस करायचा नाही." दुसऱ्या दिवशी ती न थांबता चौथ्या मजल्यापर्यंत गेली. त्या दिवशी मला वाटलं, आपण दोघीही संपलो.

मी ओरडत नव्हते असं नाही. प्रत्येक ठोक्याला माझी सूं सूं चालू होती. पण ती ऐकायला कुणीतरी छातीशी कान आणावा लागतो.

शेवटी शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तो आणला. स्टेथोस्कोप कानात घालून गप्पा मारता मारता त्यांनी तो पुन्हा त्याच जागी टेकवला. "ऑपरेशन कधी झालं गं तुझं?"

"ऑपरेशन नाही. काचेवर पडले होते."

"काच इतकी सरळ कापत नाही, बाळा."

आईला बोलावलं. ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि रडतच म्हणाली, "बरी झाली होती हो! आम्हाला वाटलं, ऑपरेशन झालं म्हणजे संपलं."

डॉक्टरीणबाईंनी पिटुकलीला समोर बसवून कागदावर माझं चित्र काढलं. ही तुला आता पुरत नाही, म्हणून दम लागतो, असं समजावलं. हृदय धडधडायला लागलं. मला वाटलं, आता ही मला घाबरणार, माझा राग राग करणार.

तिने आईकडे वळून विचारलं, "म्हणजे मी आळशी नाही?"

 आईने पोरीला जवळ ओढलं. तिच्या हुंदक्यांनी मीसुद्धा हलले.

आता आम्ही मोठ्या हॉस्पिटलात आहोत. उद्या सकाळी मला काढतील, माझ्याहून रुंद नळी बसवतील. तीही वाढणार नाही, तीही जुनी होईल. म्हणून बाळांच्या आईबाबांनो, एवढंच मागणं आहे. ऑपरेशन झालं की फाईल माळ्यावर टाकू नका. दरवर्षी कुणालातरी आतला आवाज ऐकू द्या. आणि ज्याच्या छातीत आम्ही राहतो, त्याला आमच्याबद्दल सांगा.

आज दुपारी आई चहा आणायला गेली, तेव्हा पिटुकलीने व्रणावर तळवा ठेवला. हळूच म्हणाली, "इतकी वर्षं आत होतीस, तर बोलली का नाहीस गं?"

मी माझी सूं सूं केली, ती तिला ऐकू गेली नाही. पण तिने मला "गं" म्हटलं. तेवढं घेऊन मी निघते.