चौघांसाठी खोली

चष्म्याच्या दुकानात पुढच्या बाजूला गिऱ्हाइकं आरशासमोर माना वळवून फ्रेम निवडत, आणि मागच्या खोलीत आत्या त्या फ्रेमच्या मापाने काचा घासून बसवत असे. एकोणीस वर्षं. केसाएवढा फरक पडला तरी काच खोबणीत बसत नाही, किंवा बसते आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं. त्यामुळे काहीही करायचं तर मोजूनमापून आणि दोनदा बघून, ही तिच्या हाडात मुरलेली सवय होती. मालक म्हणायचे, "ताई, तुम्ही चहात साखरसुद्धा पट्टी लावून घालत असाल."

लग्न तिने केलं नव्हतं. का, ते विचारणारे केव्हाच थकले होते. घरात ती आणि भिंगरी. भिंगरी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून आत्यानेच ठेवलेलं ते नाव. भिंगरी अडीच वर्षांची असताना तिची आई आठ दिवसांच्या तापाने गेली. भाऊ विजेचे मनोरे उभारण्याच्या कामावर. आज या डोंगरावर, तर पुढच्या महिन्यात कुठल्या तरी माळावर. "ताई, चार महिने सांभाळ, तोवर मी बदली करून घेतो," म्हणाला होता. त्या चार महिन्यांची पाच वर्षं झाली.

सुरुवातीला आत्याला मुलांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ती शेजारणीकडे गेली होती, "हिला बरं नाही की ही नुसती चिडलीये, हे ओळखायचं कसं हो?" मग एकेक कळत गेलं. ताप चढायच्या आधी भिंगरीचे कान लाल होतात. गाडीत खिडकीशी बसवलं नाही तर ओकते. भातात भाजी कालवलेली चालते, पण ती दिसता कामा नये. आणि खोटं बोलताना ती सगळा भार डाव्या पायावर टाकून उभी राहते.

गेल्या वर्षी भावाला अखेर कचेरीतली कायमची जागा मिळाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याने घर घेतलं, आणि चार महिन्यांपूर्वी दुसरं लग्न केलं. नवी भावजय ग्रंथालयात काम करायची, हळू बोलायची, दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायची. न आवडण्यासारखं तिच्यात आत्याला काही सापडलं नाही, आणि तिने शोधलं नव्हतं असं नाही.

एका रविवारी दोघं चहाला आली. भिंगरी खाली खेळत होती. भावजय म्हणाली, "ताई, शाळा सुरू व्हायच्या आधी भिंगरीला कुठेतरी न्यावं म्हणतोय. ते छोटं बेट आहे ना, बोटीने तासाभरावर, तिथे. दोन रात्री. पण लहान मुलाला न्यायचं म्हणजे काय काय बघावं लागतं, मला काहीच माहीत नाही. तुम्ही ठरवाल का सगळं? तुम्हाला तिचं सगळं ठाऊक."

"ठरवते की!" आत्या म्हणाली. शेवटचं आपण कुठे फिरायला गेलो होतो, ते तिला आठवतही नव्हतं. भावाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग त्यात बिस्किट घातलं.

ऐकीव माहितीवर बेत आखणं आत्याला जमणारं नव्हतं. बुधवारी तिने रजा काढली आणि एकटीच धक्क्यावर गेली. तिकीट देणाऱ्याला तिने इतकं पिडलं की मागे रांग लागली. पण माणूस भला होता. "लहान मूल असेल तर पहिली बोट नको, पहाटे उठवलेली पोरं सगळ्या वाटभर रडतात. दहाची घ्या. मधल्या बाकावर बसवा. पुढे आदळते, मागे धुराचा वास."

"खिडकी?"

"बाई, बोट आहे ती. सगळीकडे खिडकीच."

बेट एवढंसं, चालत फेरी मारली तर दीड तासात संपेल. पाहुण्यांना उतरायला एकच बरं घर होतं. त्याची मालकीण ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली पाहून आत्याला राहवलं नाही. पर्समधला बारका स्क्रूड्रायव्हर काढून तिने आधी ती काडी नीट केली, मग खोली बघितली. न्हाणीघराची कडी भिंगरीच्या हाताला पोचते का, विहिरीचा कठडा किती उंच, जिन्याच्या गजांमधून डोकं जाईल का, सगळं.

"किती माणसं?" मालकिणीने विचारलं.

"चार. तीन मोठी, एक लहान."

"दोन खोल्या देऊ?"

"नको, एकच मोठी द्या. मुलगी माझ्याजवळ झोपते."

मग ती किनाऱ्यावर गेली. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून, पावलं मोजत पाण्यात शिरली. पश्चिमेला चाळीस पावलांवरही पाणी गुडघ्याखाली. पूर्वेला नवव्या पावलालाच कंबरेपर्यंत, आणि ती निथळत बाहेर आली. लांबून बघणारी मालकीण हसून म्हणाली, "बाई, तुम्ही सहलीला येणार आहात की समुद्र विकत घेणार आहात?"

परतीच्या बोटीत आत्याने कागदावर पूर्वेच्या किनाऱ्यावर फुली मारली. ओल्या कपड्यांनी ती कुडकुडत होती, आणि कित्येक वर्षांत इतकी खूश नव्हती.

शनिवारी दुपारी तो कागद घेऊन ती भावाकडे गेली. भावजय चहा टाकायला आत गेली. शेजारच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत लहान मुलाचा पलंग, लिहायचं नवं टेबल, आणि खुंटीवर शाळेचा गणवेश. भिंगरीचा गणवेश निळा होता. हा हिरवा होता.

"हे काय?" आत्याने विचारलं.

"ताई, तू बस ना आधी."

"मी बसलेलीच आहे. हे काय आहे?"

भावाने गुडघ्यांवरून हात फिरवले. "इथल्या शाळेत नाव घातलंय तिचं. किती दिवस तुझ्यावर भार टाकू? आता घर आहे, घरात माणूस आहे. म्हटलं, बेटावर आम्ही तिघं दोन दिवस राहू. जरा सवय होईल. मग मी तिथेच सांगेन तिला. आणि तिथून परस्पर इकडे."

"तिघं," आत्या म्हणाली.

"तू असलीस की ती दुसऱ्या कुणाकडे बघतसुद्धा नाही गं."

हे खरं होतं.

भावजय कपबशा घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. "तुम्ही ताईंना सांगितलं नव्हतं?" तिने नवऱ्याला विचारलं. "मला म्हणालात, त्यांना सगळं माहीत आहे." भावाने तिच्या हातातल्या कपबशा घेतल्या. त्याला लहानपणापासून अवघड बोलणं दुसऱ्यावर ढकलायची खोड होती. आजवर ते आत्याच्या अंगावर यायचं, आणि तिने कधी कुरकुर केली नव्हती.

आत्याने आवाज चढवला नाही. "मुलगी तुझी आहे. मी अडवणार नाही. पण फसवून न्यायचं नाही. चारी बाजूंनी पाणी, अशा ठिकाणी नेऊन तिला सांगणार की आता घरी जायचं नाही? रुसून जायलासुद्धा जागा नाही तिला. मी सांगते. माझ्या घरात सांगते."

मग तिने कागद उलगडला आणि भावजयीला जवळ बसवून एकेक ओळ समजावली. बोट कुठली, बाक कुठला, ओकारीची गोळी निघायच्या आधी किती वेळ. टोपी ती फेकून देते, म्हणून हनुवटीखाली बांधायचा बंद असलेली. पश्चिमेचाच किनारा. भावजय वहीत उतरवून घेत होती. शेवटच्या ओळीला आत्या अडखळली. तिथे लिहिलं होतं, 'झोपताना पाठ खाजवावी लागते.' तिने ती ओळ वाचून दाखवली नाही. कागदच भावजयीच्या हातात ठेवला.

घरी येऊन तिने बेटावरच्या मालकिणीला फोन केला. चारची खोली तीनची करायची होती.

"कोण गळालं हो?"

"मी."

"अगंबाई! तब्येत बरी नाही का?"

"तब्येत ठीक आहे," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गॅलरीत कपड्यांच्या घड्या करताना तिने भिंगरीला सांगितलं. आडपडदा न ठेवता: बेट, मग बाबांचं घर, नवी शाळा. भिंगरी हातातला मोजा उलटा-सुलटा करत ऐकत होती.

"म्हणजे तू मला देऊन टाकतेस?"

"नाही गं. तू बाबांचीच आहेस ना."

"मग इतके दिवस कुणाची होते?"

आत्याने घडी केलेला फ्रॉक उलगडून पुन्हा घडी घातली.

"मी नाही जात म्हणाले तर?"

आत्याला माहीत होतं, आपण नुसतं गप्प बसलो तरी पुरे. ही पोरगी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवील, आणि ते हात सोडवायची हिंमत भावात नाही. आयुष्यात इतका सोपा मोह तिला कधी पडला नव्हता.

"तरी जायचं," ती म्हणाली.

भिंगरीने मोजा खाली ठेवला आणि आत निघून गेली. त्यानंतरचे नऊ दिवस ती लागेल तेवढंच बोलली. हो, नाही, झालं. आपली उशी उचलून तिने बाहेरच्या कोचावर नेली. आत्याने रागवून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. शेवटी तिने तो नाद सोडला आणि मुकाट्याने बॅग भरली.

दहाच्या बोटीला चौघंही धक्क्यावर आले. आत्याने बॅग पुढे केली. भिंगरीने ती घेतली, आणि मोकळ्या हाताने भावजयीचा हात धरला. घट्ट, आत्याला दिसेल असा. भावजय दचकली. तिने आत्याकडे असं पाहिलं, जणू दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्या पिशवीत आली आहे.

"जा," आत्या हसून म्हणाली. "बोट सुटेल."

भिंगरी मधल्या बाकावर बसली, धक्क्याकडे पाठ करून. एकदा तरी वळेल म्हणून आत्या थांबली. बोट लहान होत गेली, मग तिच्यात माणसं ओळखू येईनात. भिंगरी वळली नव्हती.

आत्या तिथून तडक दुकानात गेली. मालक म्हणाले, "तुमची आज रजा ना?" ती म्हणाली, "रद्द झाली." त्या दिवशी तिने एकाच फ्रेमच्या लागोपाठ दोन काचा बिघडवल्या. मालकांनी बघितलं, आणि तिसरी काच तिच्यापुढे आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. सगळं छान चाललं होतं. ओकली नाही, पाण्यातून बाहेर यायला तयार नाही. "आत्याशी बोलतेस का विचारलं, तर म्हणाली नंतर."

तासाभराने भावजयीने वेगळा फोन केला. आवाज दबका होता. "ताई, ती माझं सगळं ऐकते. जेवण आवडलं म्हणते, वेणी छान झाली म्हणते. पण वेणी वाकडी झाली होती हो, मला दिसत होती. ती मला खरं सांगतच नाही. मी कसं ओळखू?"

हे एक तेवढं आत्याने कागदावर लिहिलं नव्हतं. का नव्हतं लिहिलं, हे तिला आत्ता कळलं.

"ताई? आहात ना?"

"पायांकडे बघत जा," आत्या म्हणाली. "भार डाव्या पायावर असला, की समजायचं खोटं बोलतेय. तेव्हा ओरडू नका. पुन्हा विचारा, ती सांगते."

"डाव्या," भावजय म्हणाली. ती लिहून घेत असावी.

राग काही जन्मभर टिकला नाही. महिन्याभराने भिंगरी रविवारी फोन करू लागली. पोहायला शिकतेय, वर्गात दोन मैत्रिणी झाल्यात, टेबलाचा खण अडकतो. भावजयीला ती आई म्हणू लागली होती. आत्याशी बोलताना पहिल्यांदा तो शब्द तोंडून निघाला तेव्हा ती थबकली, आणि आत्याने मुद्दाम विचारलं, "आईने काय केलं मग?" त्यानंतर ती थबकली नाही.

पुढच्या सुट्टीत ती चार दिवस राहायला आली. दारातच तिने आत्याच्या कंबरेला मिठी मारली. बोटभर उंच झाली होती, केस नीट विंचरलेले, दोन वेण्या सरळ. चप्पल काढून तिने भिंतीशी जोडीने लावली. आत्या भाजी परतायला लागली, तशी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आत्तू, पाणी घेऊ का?"

आत्याचा हात कढईवर थांबला.

"घे ना," ती म्हणाली. "विचारतेस काय?"

भिंगरी पाणी प्यायली, तिने पेला विसळला, आणि तो हातात धरून इकडेतिकडे पाहू लागली.

"कुठे ठेवू?"

"त्या फळीवर," आत्याने सांगितलं, आणि गॅस बारीक केला.